महापालिकेचा रस्ता, व्यावसायिकाचा वाटा: रस्तेदुरुस्तीचा खर्च वाटून घेण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपालिका हद्दीत दुकान, गोदाम, कारखाना, रुग्णालय, हॉटेल किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या संघटनांसाठी आहेत. दारासमोरचा रस्ता उखडलेला असतो, निधी नसल्याचे सांगितले जाते आणि “तुम्ही थोडा भार उचललात तर काम लवकर होईल” असा निरोप क्षेत्रीय कार्यालयातून येतो. अशा वेळी काय विचारावे, किती द्यावे आणि कोणत्या कागदावर सही करावी, एवढाच येथील विषय आहे.

रस्ता दुरुस्त करणे हे कायद्याने महापालिकेचेच काम आहे ना? मग व्यावसायिकाचा वाटा कशासाठी?

होय, ते महापालिकेचेच काम आहे. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम, राज्यातील इतर महापालिकांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि नगरपालिका व नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम लागू आहे. या तिन्ही कायद्यांत सार्वजनिक रस्त्यांची बांधणी आणि देखभाल स्थानिक संस्थेच्या आवश्यक कर्तव्यांत मोडते. निधीची चणचण असली तरी हे कर्तव्य संपत नाही आणि ते शेजारच्या दुकानदाराकडे सरकतही नाही. सार्वजनिक रस्त्याच्या नेहमीच्या दुरुस्तीसाठी केवळ तो आपल्या दारासमोर आहे म्हणून कोणाकडूनही पैसे मागता येत नाहीत.

वाट्याचा प्रश्न रास्तपणे उभा राहतो तो मोजक्या प्रसंगी. व्यवसायाच्या जड वाहनांमुळे रस्ता नेहमीपेक्षा लवकर खचत असेल, वीज, पाणी, गॅस किंवा केबलच्या जोडणीसाठी व्यवसायाने रस्ता खोदला असेल, महापालिकेच्या ठरलेल्या दर्जापेक्षा वेगळे काम व्यवसायाला हवे असेल, किंवा मुळात रस्ताच खासगी असेल, तर खर्चाची वाटणी न्याय्य ठरू शकते. याखेरीज दिलेला प्रत्येक रुपया ऐच्छिक देणगी आहे आणि तो देताना तसाच समजावा.

आम्ही मालमत्ता कर भरतो, मुंबईच्या देयकात तर पथकराची वेगळी ओळ असते. हे दोनदा पैसे देणे नव्हे काय?

आक्षेप रास्त आहे आणि महापालिकेशी बोलताना तो पहिल्याच बैठकीत मांडावा. मालमत्ता करातून सर्वसाधारण वापराच्या देखभालीचा खर्च भागावा, अशी अपेक्षा असते. म्हणून त्या मर्यादेपर्यंतचा खर्च व्यावसायिकाच्या वाट्यात धरला जाता कामा नये. वाटा मोजायचा तो त्यापलीकडच्या खर्चाचा.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पूर्वी कारखान्यात येणाऱ्या मालावर जकात मिळत असे, त्यामुळे जितकी मालवाहतूक जास्त तितके शहराचे उत्पन्न जास्त, असा ढोबळ का होईना संबंध होता. बहुतेक शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यवसायांना त्यातून वगळण्यात आले, आणि मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपली. आता महापालिकांना राज्य शासनाकडून भरपाईची रक्कम मिळते. तुमच्या गोदामात रोज पाच ट्रक येतात की पन्नास, याचा त्या रकमेशी संबंध नसतो. जड वाहतुकीच्या रस्त्यांबाबत महापालिका आज वाट्याची भाषा करतात, त्यामागे हेही एक कारण आहे आणि ते निव्वळ सबब म्हणून झटकता येणार नाही.

रस्ता नक्की कोणाचा आहे, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा असतो आणि बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. एकाच शहरात महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, राज्य रस्ते विकास महामंडळ, एमएमआरडीए किंवा पीएमआरडीए, एमआयडीसी आणि कटक मंडळ अशा अनेक यंत्रणांचे रस्ते असतात. ते हस्तांतरितही होतात. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. हिंजवडीसारख्या ठिकाणी एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायती यांच्या हद्दी एकमेकींना लागून असल्यामुळे एका खड्ड्यासाठी तीन कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, हे तेथे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

म्हणून चर्चेला बसण्यापूर्वी पथ विभागाकडून त्या रस्त्याच्या मालकीबाबत आणि देखभालीच्या जबाबदारीबाबत लेखी उत्तर घ्यावे. विकास आराखड्याचा उतारा, मंजूर रेखांकन आणि नगर भूमापन नकाशा या तीन कागदांवरून बहुतेक वेळा चित्र स्पष्ट होते. तरीही उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

रस्ता खासगी निघाला तर?

मग चित्र उलटते. मंजूर रेखांकनातील, पण महापालिकेकडे हस्तांतरित न झालेल्या रस्त्याची देखभाल जमीनमालकांवर येते. मुंबईच्या कायद्यातील कलम ३०५ नुसार अशा रस्त्याला लागून असलेल्या मिळकतींच्या मालकांना तो समतल करण्याची, त्यावर खडी किंवा फरसबंदी घालण्याची आणि पाण्याचा निचरा करण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. तो सार्वजनिक घोषित करण्याची तरतूद पुढच्याच कलमात आहे. आमचा सल्ला असा, की खासगी रस्त्यावर एकदा चांगला खर्च करायचाच असेल तर त्याच प्रस्तावात हस्तांतरणाची मागणी जोडावी. नाहीतर पुढच्या दुरुस्तीची वर्गणी पुन्हा तुमच्याच दारी येईल.

आमच्या ट्रकांमुळे रस्ता खराब होतो, असे अभियंते म्हणतात. यात तथ्य किती?

बरेच आहे, आणि ते अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवरून ठरावीक भाराची वाहने सतत फिरवून पाहण्यात आली. त्या चाचणीतून एक ढोबळ नियम हाती आला. रस्त्याला होणारी इजा चाकांच्या आसावर येणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसाचा भार दुप्पट झाला तर इजा दुप्पट होत नाही, ती सोळा पट होते. १० टन भार असलेला ट्रकचा एक आस आणि ७०० किलो भार असलेला मोटारीचा एक आस यांची याच नियमाने तुलना केली तर ट्रकच्या आसाची इजा सुमारे ४० हजार पट भरते. भारतात डांबरी रस्त्यांच्या रचनेसाठी वापरली जाणारी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी ३७ ही संहिताही ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.२ टनांचा, प्रमाण आस धरते आणि प्रत्येक वाहनाची इजा त्याच्या पटीत मोजते.

यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. बाजारपेठेतल्या रस्त्यावरून दिवसभरात हजारो दुचाकी आणि मोटारी जात असल्या, तरी तो खचवण्यात त्यांचा वाटा नगण्य असतो. पहाटे येणारे वाळूचे, सिमेंटचे, लोखंडाचे किंवा धान्याचे मोजके ट्रकच ते काम करतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा तीन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले आणि मागच्या जोड आसांची मर्यादा १९ टनांवरून २१ टनांवर आली. मर्यादेतली ही वाढ जेमतेम १० टक्क्यांची दिसते, परंतु चौथ्या घाताच्या हिशेबाने त्या जोड आसांची इजा जवळजवळ दीडपट होते. शहरातील अंतर्गत रस्ते या बदलाआधीच्या भारासाठी बांधलेले आहेत, आणि त्यांतील बरेचसे तर कोणत्याच जड भारासाठी बांधलेले नाहीत.

मात्र अभियंत्यांनी सगळा दोष ट्रकांवर टाकला तर तोही मान्य करू नये. डांबराचा मोठा शत्रू पाणी आहे. पावसाळी गटार तुंबलेले असेल, रस्त्याचा उतार चुकलेला असेल किंवा जलवाहिनी गळत असेल तर पाणी डांबराच्या थराखाली उतरते, खालचा थर मऊ पडतो आणि मग कोणतेही वाहन निमित्त ठरते. रस्ता खचलेला आहे की पृष्ठभाग सोलला गेला आहे, याची पाहणी करूनच कारण ठरवावे. चाकांच्या मार्गात लांबट चरे पडले असतील तर भाराचा संशय घ्यावा. खड्डे चेंबरच्या कडेला आणि पाणी साचते तेथेच असतील तर निचरा तपासावा, आणि त्या दुरुस्तीचा खर्च महापालिकेचा आहे हे ठामपणे सांगावे.

वाटा किती, हे कशावरून ठरवावे?

आमच्या मते एकच पद्धत समर्थनीय आहे, ती वाढीव खर्चाची. हा रस्ता तुमच्या व्यवसायाशिवाय जितक्या खर्चात टिकला असता तितका खर्च महापालिकेने करावा. व्यवसायामुळे त्यात जी भर पडते तेवढीच रक्कम वाटणीला घ्यावी. निम्मा-निम्मा वाटा हा ऐकायला सरळ वाटणारा तोडगा आहे, पण त्याला आधार नसतो. कधी त्यात व्यावसायिक नागवला जातो, तर कधी महापालिका.

केवळ उदाहरणादाखल, ३०० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे २,१०० चौरस मीटरचा रस्ता धरू. साध्या वाहतुकीसाठीच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक ३० लाख रुपयांचे आणि जड वाहनांसाठी लागणाऱ्या जाड थरांचे अंदाजपत्रक ४८ लाख रुपयांचे आले, असे समजा. मग ३० लाख महापालिकेचे. उरलेले १८ लाख जड वाहने आणणाऱ्या सर्वांत वाटायचे. सात दिवस चोवीस तास वाहनांची गणना केली आणि भारित आसांपैकी ६० टक्के तुमच्या गोदामाकडे जाणारे निघाले, तर तुमचा वाटा १० लाख ८० हजार रुपये होतो. उरलेले ७ लाख २० हजार रुपये इतर व्यवसायांकडून येतील किंवा महापालिकेला सोसावे लागतील. इतरांनी नकार दिला म्हणून तो बोजा तुमच्यावर टाकला जाऊ नये, हे आधीच नोंदवून घ्यावे.

गणनेचा कालावधी निवडताना हंगाम पाहावा. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये, किंवा मंगल कार्यालयाच्या रस्त्यावर चातुर्मासात वाहने मोजली तर निघणारा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो. दोन्ही अंदाजपत्रके चालू राज्य दरसूचीवर आधारलेली असावीत आणि त्यांवर तांत्रिक मान्यतेची सही असावी.

असा वाढीव खर्च वसूल करण्याची स्पष्ट कायदेशीर तरतूद कुठे आहे का?

इंग्लंडमध्ये आहे, आणि ती जुनी आहे. १८७८ च्या कायद्यातून आलेली आणि आता १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम ५९ मध्ये असलेली तरतूद सांगते, की असामान्य वाहतुकीमुळे किंवा अतिरिक्त वजनामुळे शेजारच्या तशाच रस्त्यांच्या सरासरी देखभालीपेक्षा जो जादा खर्च आला, तो त्या वाहतुकीला कारणीभूत असलेल्याकडून वसूल करता येतो. वाहतूक सुरू होण्यापूर्वीच त्याने जबाबदारी मान्य केली तर रक्कम आपसात किंवा लवादामार्फत ठरवण्याचीही सोय तेथे आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात वजनमर्यादा लावलेल्या रस्त्यावरून जड वाहने न्यायची असतील तर कंपनीला जादा देखभालीचा करार करावा लागतो आणि हमी द्यावी लागते. डांबरी रस्त्यासाठी ती मैलाला १२,५०० डॉलर इतकी ठरलेली आहे. आजच्या दरांत एवढ्या पैशांत मैलभर रस्ता होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे अशी वसुली मुख्यतः करारावर उभी राहते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेनंतर अतिभारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये अशा दंडाची तरतूद आहे. पण ती मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनासाठी आहे. मर्यादेत राहून रोज शंभर फेऱ्या करणाऱ्याला ती लागू होत नाही, आणि दंडाची रक्कम त्या गल्लीच्या दुरुस्तीसाठी महापालिकेकडे जात नाही.

पैसे द्यायचे ठरले तर कोणत्या मार्गाने द्यावेत?

सर्वांत स्वच्छ मार्ग ठेव अंशदानाचा आहे. तुमच्या वाट्याची रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन महापालिकेच्या खात्यात जमा होते, तिची पावती मिळते, ती त्या विशिष्ट कामाच्या लेखाशीर्षाखाली नोंदवली जाते आणि काम महापालिकेच्या निविदेनुसार होते. तुमचे नियंत्रण कमी राहते, पण रस्त्याची जबाबदारीही महापालिकेकडेच राहते.

दुसरा मार्ग म्हणजे महापालिकेच्या देखरेखीखाली स्वतःच्या खर्चाने काम करून देणे. लेखी परवानगी, मंजूर नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदी यांशिवाय असे काम सुरू करणे म्हणजे सार्वजनिक रस्त्यात विनापरवाना हस्तक्षेप करणे होय, मग हेतू कितीही चांगला असो. दारासमोरचा खड्डा माती-विटांचे तुकडे टाकून बुजवणेही याच सदरात येते. पहिल्याच पावसात तो चिखल गटारात जातो.

तिसरा मार्ग देण्यांच्या वळतीचा. पुणे महापालिकेने खराडी आणि मुंढवा परिसरातील विकास आराखड्यातले रस्ते व पूल खासगी सहभागातून करून घेताना, विकसकांना रोख रकमेऐवजी महापालिकेच्या देण्यांपोटी वापरता येईल अशी क्रेडिट नोट देण्याचे धोरण स्वीकारले. आराखड्यातील रस्ता बांधून दिल्याबद्दल हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळण्याची तरतूदही राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. परंतु ही दोन्ही साधने नव्या बांधणीसाठी आहेत. अस्तित्वातील रस्त्यावरचे खड्डे बुजवून टीडीआर मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

ठेकेदाराच्या हातात रोख रक्कम द्यायला सांगितले तर?

देऊ नये. महापालिकेच्या पावतीशिवाय दिलेले पैसे रस्त्याच्या खर्चात कधीच मोजले जात नाहीत.

करारात कोणत्या गोष्टी आल्याच पाहिजेत?

पहिली गोष्ट म्हणजे सही कोणाची आहे. महापालिकेचा करार कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने झालेला नसेल तर तो महापालिकेवर बंधनकारक ठरत नाही. त्यामुळे कनिष्ठ अभियंत्याचे पत्र किंवा नगरसेवकाच्या कार्यालयातील बैठकीचे इतिवृत्त पुरेसे नाही. आयुक्तांची किंवा त्यांनी अधिकार प्रदान केलेल्या अधिकाऱ्याची सही हवी, आणि रकमेनुसार आवश्यक असेल तेथे स्थायी समितीचा ठरावही हवा.

त्यानंतर कामाची व्याप्ती. “रस्ता दुरुस्ती” हे दोन शब्द करारात एकटे असता कामा नयेत. कोणत्या खांबापासून कोणत्या चौकापर्यंत, किती जाडीचे कोणते थर, चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलायची की नाही, पावसाळी गटाराची दुरुस्ती धरली आहे की नाही, हे सगळे लिहावे. चेंबरचा उल्लेख मुद्दाम करत आहोत, कारण गुळगुळीत नव्या रस्त्यात चार इंच खाली राहिलेले झाकण हा आपल्या शहरांचा कायमचा अनुभव आहे.

अंदाजपत्रकापेक्षा खर्च वाढला तर वाढीची मर्यादा किती आणि ती कोण सोसणार, कमी झाला तर उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे लिहून घ्यावे. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती वर्षांचा आहे आणि त्या काळात खड्डा पडल्यास तक्रार कोणाकडे करायची, हेही करारातच यावे. याबरोबरच एक अट आम्ही आवर्जून सुचवतो. दुरुस्ती झालेला रस्ता ठरावीक काळ कोणत्याही खोदाईसाठी उपलब्ध राहणार नाही आणि आपत्कालीन खोदाई झालीच तर पूर्ण रुंदीत पूर्ववत केला जाईल, असे महापालिकेने लिहून द्यावे. पैसे भरून केलेला रस्ता तीन महिन्यांत केबलसाठी चिरला गेला, या तक्रारीचे मूळ बहुधा ही अट नसण्यातच असते.

खोदाईच्या खर्चाचे नियम वेगळे आहेत का?

आहेत, आणि ते तुलनेने सरळ आहेत. ज्याने खोदले त्याने रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरायचा. महापालिका तो खोदाई शुल्क म्हणून आधीच घेते आणि सोबत अनामत किंवा बँक हमी मागते. दूरसंचार कंपन्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे रस्त्यातून केबल नेण्याच्या परवानगीचे, नवे केंद्रीय नियम लागू झाले आहेत. व्यावसायिकाने एवढेच पाहावे, की नवी जोडणी घेताना शुल्क नेमके कोण भरणार, पुरवठादार की आपण, आणि चर बुजवताना खालचे थर दाबून घेतले जातात की वरून फक्त डांबर फासले जाते.

हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वात, धरता येईल का?

सावधपणे पाहावे लागेल. ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष आधीच्या वर्षी पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावे लागतात. मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शहरातील रस्त्यांची दुरुस्ती असा स्वतंत्र विषय नाही. ग्रामीण विकास आणि झोपडपट्टी क्षेत्राचा विकास हे विषय आहेत, त्यामुळे अशा वस्तीतील रस्त्याचे काम त्यांत बसू शकते.

त्याहून महत्त्वाचा अडथळा नियमांतच आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे, केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामे, उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठीचे प्रायोजकत्व आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या गोष्टींची पूर्तता, हे सगळे सीएसआरमधून वगळलेले आहे. आपल्याच ट्रकांनी खचवलेला आणि आपल्याच फाटकापाशी संपणारा रस्ता दुरुस्त करून त्याला समाजकार्य म्हणणे नियमांतही बसत नाही आणि शोभतही नाही. तो वाटा व्यवसायाचा खर्च म्हणूनच दाखवावा.

तसे करण्यात करविषयक तोटाही नाही, उलट सीएसआरवरील खर्च आयकरासाठी व्यवसाय खर्च म्हणून वजा होत नाही आणि सीएसआरच्या कामांसाठी घेतलेल्या वस्तू-सेवांवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिटही मिळत नाही. रस्त्याच्या कामाच्या ठेक्यावर जुलै २०२२ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा अंदाजपत्रकातील आकडा करासह आहे की कराविना, हे सही करण्यापूर्वी विचारावे. अंतिम निर्णय आपल्या सनदी लेखापालाच्या सल्ल्याने घ्यावा.

पैसे दिल्यावर रस्त्यावर काही हक्क मिळतो का? पार्किंग, नावाची पाटी, जाहिरात?

हक्क कोणताही मिळत नाही. समोरची जागा राखीव ठेवता येत नाही, फेरीवाल्याला हटवता येत नाही, साखळी लावता येत नाही. सौजन्य फलक लावण्याची मुभा महापालिका देऊ शकते, पण त्याचा आकार, जागा आणि मुदत लेखी ठरलेली असावी.

जाहिरातीच्या उद्देशाने रस्ते दुरुस्त करण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत. २००९ मध्ये केएफसीने लुइव्हिल शहरात खड्डे बुजवण्यासाठी पैसे देऊन त्या ठिगळांवर आपला शिक्का उमटवला. २०१८ मध्ये डॉमिनोजने बार्टनव्हिल, मिलफर्ड, अथेन्स आणि बरबँक येथून सुरुवात करून घरी नेताना पिझ्झा सुखरूप राहावा, या गमतीदार कारणासाठी नगरपालिकांना अनुदाने दिली. कंपन्यांना प्रसिद्धी भरपूर मिळाली. पण ज्या रस्त्यावर ग्राहक नाही, तो अशा योजनेच्या नकाशावर येत नाही, आणि महापालिकेने दुरुस्तीचा क्रम देणगीदारावर सोडला तर शहरातल्या गरीब वस्त्या कायम रांगेच्या शेवटी राहतात. म्हणून देणगी स्वीकारली तरी कोणता रस्ता आधी करायचा, हे महापालिकेनेच ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही वाटा दिलेल्या रस्त्यावर खड्ड्यामुळे अपघात झाला तर जबाबदारी आमच्यावर येईल का?

केवळ पैसे दिल्यामुळे येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दखल घेतलेल्या जनहित याचिकेत, सुस्थितीतील रस्ते आणि पदपथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई संबंधित यंत्रणांनी द्यावी, आणि ती दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. भरपाई देण्याची पहिली जबाबदारी यंत्रणेचीच आहे.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. काम तुम्ही स्वतःचा ठेकेदार लावून केले असेल, अडथळे आणि दिवे न लावता चर उघडा ठेवला असेल, तर निष्काळजीपणाचा आरोप तुमच्यापर्यंत येऊ शकतो. स्वतः काम करण्यापेक्षा ठेव अंशदानाचा मार्ग बरा, असे वर म्हटले त्यामागे हे मोठे कारण आहे.

एकट्याला परवडत नाही. बाजारपेठेतील दुकानदारांनी मिळून वाटा द्यायचा असेल तर?

नोंदणीकृत संघटना असेल तर तिच्या नावाने करार करावा, नसेल तर आधी नोंदणी करावी. तोंडी वर्गणीवर उभा राहिलेला उपक्रम दुसऱ्या हप्त्याला मोडतो. दुकानाच्या दर्शनी रुंदीवर वर्गणी लावणे सोपे असते, पण मालाची चढ-उतार करणारा घाऊक व्यापारी आणि चष्म्याचा दुकानदार यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. निम्मी रक्कम रुंदीवर आणि निम्मी मालवाहतुकीवर, अशी वाटणी भांडणे कमी करते.

टोरंटोतील ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये वेगळी वाट काढली. बहुसंख्यांनी मान्य केलेली जादा पट्टी त्या भागातील सर्व व्यवसायांवर लावून शहरच ती कराबरोबर गोळा करते आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाला परत देते. त्यामुळे फुकटात लाभ घेणाऱ्यांचा प्रश्न सुटतो. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. तिच्यातून मात्र रस्त्याची सजावट, दिवे, बाके आणि स्वच्छता यांवर खर्च होतो. मूळ रस्ता टिकवण्याची जबाबदारी शहराकडेच राहते, आणि आपल्याकडे असे काही करायचे झाल्यास तीच सीमारेषा पाळावी.

आमचा कारखाना एमआयडीसीत आहे. तेथे काय?

एमआयडीसी भूखंडधारकांकडून सेवाशुल्क घेते, आणि क्षेत्र महापालिका हद्दीत असेल तर मालमत्ता करही लागतो. दोन्ही देऊन रस्ता कोणीच करत नाही, ही उद्योजकांची तक्रार जुनी आहे. येथे आणखी तिसरा वाटा देण्याआधी, मिळालेल्या रकमेतून त्या क्षेत्रावर किती खर्च झाला, याचा हिशेब दोन्ही यंत्रणांकडे मागावा. तेलंगणात औद्योगिक क्षेत्राचे स्थानिक प्राधिकरण कर गोळा करून ३५ टक्के रक्कम स्थानिक संस्थेला देते आणि ६५ टक्के त्याच क्षेत्रावर खर्च करते. ही वाटणी निदान कागदावर स्पष्ट आहे.

काम केव्हा करून घ्यावे?

दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. डांबरमिश्रित खडी दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होते आणि गरम असतानाच दाबावी लागते. ओल्या पृष्ठभागावर ती धरत नाही. काँक्रीटचा रस्ता करायचा असेल तर वाहतूक सोडण्यापूर्वी साधारण २८ दिवस थांबावे लागते, तेव्हा मालाच्या गाड्यांसाठी पर्यायी वाट आधी ठरवून ठेवावी. निविदा, मान्यता आणि कार्यादेश यांना महिने लागतात, म्हणून मार्चमध्ये रस्ता हवा असेल तर अर्ज गणपतीच्या सुमारास गेला पाहिजे. महापालिकेचा अर्थसंकल्प ३१ मार्चला संपतो. त्या वर्षी खर्च न झालेला महापालिकेचा वाटा पुढच्या वर्षी पुन्हा मंजूर करून घ्यावा लागू शकतो, आणि तोवर तुमची रक्कम ठेवीत पडून राहते. तिच्यावर व्याज मिळणार की नाही, हेही करारात विचारून ठेवावे.